आधीच्या आधीचं

पुस्तकात दर वर्षी तीच गाडी सुटते.
आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती.
एकवीस वर्षं मी ही गाडी चुकवते आहे,
ग्रिम्सबीत, बंद पडलेल्या गालिच्यांच्या दुकानावरच्या खोलीत,
मंगळवारी, साडेसहा ते आठ.
रेडिएटर ठोके देतो, तापत मात्र नाही.
हात तीनदा धुतले तरी
मासळीच्या कारखान्यातली पाळी येऊन बसतेच
मागच्या बाकावर.

नियम तसा सोपा आहे, मी सांगते.
भूतकाळात दोन गोष्टी घडल्या
तर जी आधी घडली, तिच्या गळ्यात हॅड बांधा.
एकटीच असेल तर नको.
काल मी बटाटे उकडले. झालं. बांधू नका.
आणि वाक्यात आफ्टर असेल, बिफोर असेल,
तर क्रम तेच सांगतात, हॅड नसलं तरी चालतं.

'चालतं म्हणजे?' डाइवा विचारते.
तिला चालणारं काही चालत नाही.
होझानचं उलट. तो हॅड सगळीकडे टाकतो,
मीठ घातलंय हे विसरून पुन्हा घालावं तसं.
मी घर बांधलं होतं. मी बदाम लावले होते.
मी रोज नदीत पोहलो होतो.
कशाच्या आधी, मी विचारते,
दुसरी गोष्ट कुठाय वाक्यात?
तो खिडकीकडे बघतो. 'ती सगळ्यांना ठाऊक आहे.'
मी लाल पेनाला टोपण लावते.
मग परत काढते,
कारण परीक्षक खिडकीकडे बघत नाही.

सेमहार वर्ग सुटल्यावर थांबली.
वकिलाकडून आलेला कागद, चार घड्या पडलेला.
अर्ज नामंजूर. कारण क्रमांक सहा:
अर्जदार म्हणते, सैनिक आले तेव्हा भाऊ गेला.
पुढे म्हणते, सैनिकांना भाऊ दिसलाच नाही.
दोन्ही खरं असू शकत नाही.

दुभाषा आला नव्हता त्या दिवशी.
जमेल म्हणाली होती ती. इंग्रजीतच बोलली.

मी टेबलावर खोडरबर ठेवलं. हा भाऊ.
स्टेपलर म्हणजे सैनिक.
दाखव.
तिने खोडरबर कडेपर्यंत नेलं
आणि हळूच ओटीत सोडलं.
मग बराच वेळ काहीच नाही.
खाली कुणीतरी शटर ओढलं.
मग तिने स्टेपलर सरकवत आणलं, दोन्ही हातांनी,
जड असल्यासारखं.
'कॉफी गरम होती,' म्हणाली,
'त्यांनी जेबेनाला हात लावून बघितला.'

गेला.
गेला होता.
फळ्यावर लिहिलं तर मधे एवढीशी जागा,
एका माणसाला मागच्या दाराने
निघून जायला पुरेल इतकी.

तिचा जबाब मी दुरुस्त करू शकत नाही,
तो लाल पेनाचा कागद नव्हे.
मी वेगळं पत्र लिहिलं:
मुलाखत झाली तेव्हा वर्गात नववा धडा चालू होता,
हॅड चौदाव्यात येतं, हजेरीपट सोबत जोडला आहे,
तोपर्यंत आम्ही ते शिकलो नव्हतो.
शेवटच्या ओळीत मलाच ते लागलं.
सही केली. ग्लेनिस थॅकरे, शिक्षिका.
याने काही होईल का, मला माहीत नाही.

जिन्यात तिने विचारलं, आणि त्याच्याही आधीचं?
सकाळी तो दाणे भाजत होता, घरभर धूर,
आणि त्याच्या आदल्या रात्री आम्ही भांडलो,
त्याला काय लावायचं?
तिथेही हॅडच, मी म्हटलं.
त्याच्या मागे इंग्रजीत पायरी नाही.
'नाही?' ती थबकली, कठड्याला धरून,
खरोखरच पायरी चुकल्यासारखी.
मग गळपट्टा गुंडाळला आणि गेली.

मी दिवे घालवायला परत वर आले.
फळा पुसायचा होता, तो पुसला नाही.
टेबलावर स्टेपलर एकटं.
खोडरबर तिने परत ठेवलं नव्हतं.